फुकट तपासणी आणि बुडालेली हजेरी

आमच्या कोल्हापूरच्या फॅमिली ग्रुपवर परवा वाद पेटला, की सरकार सगळं फुकट देतंय तरी गरीब गरोदर बायका तपासणीला का येत नाहीत. काकांचं म्हणणं, "अडाणीपणा, दुसरं काय!"

कागदावर सगळं आहे हे खरंय. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, न्यायला-आणायला गाडी फुकट, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरकडून तपासणी, पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये. पण शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या फडात बीडकडनं तोडणीला आलेल्या बाईचं बघा की जरा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे आधीच खर्चून बसलेली, एक दिवस कामावर गेली नाही की टोळी आणणारा मुकादम खाडा धरणार, म्हणजे पैसे कापणार. पहाटे तोड, कधी रात्री गाडी भरायची, पोटात सातवा महिना आणि डोक्यावर मोळी. तिचं नाव गावाकडच्या आशाताईच्या यादीत, फडाजवळच्या आशाताईला बऱ्याचदा पत्ताच नसतो की कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, कुणी गरोदर आहे. शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यांवर खाडा नाही, पण एसटीची वाट बघण्यात हजेरी बुडतेच.

आता इकडं टेक्सासमधलं सांगते. अमेरिकेत साधारण ४० टक्के बाळंतपणं मेडिकेडवर होतात, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यावर. तपासणीला न्यायला गाडीपण मिळते, फक्त दोन दिवस आधी बुक करायची. तरी आमच्या इथल्या ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवरच्या मुलीनं चेकअप सोडला, कारण शिफ्ट बदलून मिळाली नाही आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे गेले. इथं देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजाच नाही, १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे मिळतात ते बिनपगारी, तेही सगळ्यांना नाही. हिला अडाणी म्हणणार का काका? (आपल्याकडं २६ आठवडे पगारी रजा आहे म्हणून आम्ही इथं टेंभा मिरवतो, ती फडापर्यंत पोचत नाही ते सोयीनं विसरतो.)

म्हणून मला वाटतं जनजागृतीचे बॅनर लई झाले. नर्सबाई बीपीचं मशीन आणि लोहाच्या गोळ्या घेऊन संध्याकाळी कोप्यांवर जाऊ दे, आणि ९ तारखेला गरोदर बाईचा खाडा धरायचा नाही हे कारखान्यानं मुकादमाला बजावू दे. कारखाना म्हणणार, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. असू देत, ऊस तर तुमच्याच गव्हाणीत पडतो की ओ.