सावत्र पोरींनी राणी कसं व्हायचं

तर आई गेलीय, बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलंय, नवी बाई येताना स्वतःच्या दोन पोरी घेऊन आलीय आणि तुमचं अंथरूण आता चुलीपाशी गेलंय. अभिनंदन! लोककथेच्या हिशोबाने तुमचं निम्मं काम झालं. आईबापाच्या लाडात वाढलेल्या पोरीला या लाईनमध्ये काही स्कोप नाही, तिच्यावर कोणी गोष्ट लिहीत नाही.

आता काहींची अडचण अशी असते की छळणारी बाई सख्खी आईच निघते. टेन्शन घेऊ नका, त्याचीही सोय आहे. जर्मनीत लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती काढली तेव्हा स्नोव्हाइटच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पोरांना जंगलात सोडून या म्हणणारी हॅन्सेल आणि ग्रेटेलची आईसुद्धा बरीच वर्षं सख्खी होती, १८४० मध्ये तिचंही नातं बदललं. म्हणजे कसंय, बाई वाईट वागली की ती सावत्र होते, लगेच नाही झाली तर पुढच्या आवृत्तीत होते. बाप मात्र काहीही करो, सख्खाच राहतो. पोरांना जंगलात नेऊन सोडणाऱ्यांत तोही होता की हो, पण त्याला सावत्र करायचं काही कुणाला सुचलं नाही.

बापाचं निघालंच आहे तर त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पोरी सगळं लक्ष सावत्र आईवर देतात आणि इथेच चुकतात. बाप नीट निवडावा. सगळ्यात सोयीचा बाप म्हणजे व्यापारी, रशियातल्या वासिलिसाचा होता तसा. लग्न केलं, बायकोला घरात आणून बसवली आणि निघाला लांब कुठेतरी धंद्याला. मग सावत्र आई आणि तिच्या पोरी मिळून हिला विस्तव आणायला बाबा यागा नावाच्या चेटकिणीच्या घरी पाठवतात, त्या घराला कुंपण माणसांच्या हाडांचं, वर कवट्या लावलेल्या, आणि बाप? बाप टूरवर. दुसरा प्रकार रडका बाप. हाही रशियातच सापडतो, मोरोझ्को नावाच्या थंडीच्या राजाच्या गोष्टीत. बायको म्हणाली पोरीला थंडीत जंगलात सोडून ये, तर हा रडला, खूप रडला, आणि रडत रडत घोडा जुंपून पोरीला नेऊन सोडून आला. मन फार हळवं हो माणसाचं. लगाम त्याच्याच हातात होता, पण ते असो.

पण माझा फेव्हरिट बाप म्हणजे ग्रिमच्या सिंड्रेलाचा. हा तर घरातच असतो! पोरगी राखेत झोपते ते याला रोज दिसतं. नाचावरून पळालेली ती सुंदर मुलगी आपलीच तर नसेल ना असा संशय याला येतो, तेवढं डोकं आहे, आणि मग तो काय करतो तर राजपुत्राच्या सांगण्यावरून कुऱ्हाड घेऊन ती लपली असेल ते कबुतरांचं खुराडं फोडतो, दुसऱ्या रात्री नासपतीचं झाड तोडतो. शेवटी राजपुत्र जोडा घेऊन दारात येतो, घरात अजून एखादी मुलगी आहे का विचारतो, तर म्हणतो नाही, पहिल्या बायकोची एक खुरटलेली पोरगी आहे तेवढी, पण ती काय नवरी असणार नाही. स्वतःच्या लेकीचं लग्न मोडायचा इतका प्रामाणिक प्रयत्न सावत्र आईनेही केला नसेल. आणि एवढं करून लोकांना विचारा गोष्टीतला व्हिलन कोण, बघा कोणाचं नाव घेतात ते.

बरं, कामाचं बघू. काम अशक्य असलं पाहिजे ही पहिली अट. साधी भांडी घासून राणीपद मिळत नाही, भांडी तर सगळ्याच घासतात. राखेत ओतलेली मसूर दोन तासांत निवडायची, नाहीतर कोरियातल्या कोंगजीसारखं तळ फुटलेल्या रांजणात पाणी भरायचं. तुम्ही प्रत्यक्षात फार काही करायचं नाही, फक्त बसून रडायचं, पण आवाज न करता. मग कबुतरं येऊन मसूर निवडतात, बेडूक येऊन रांजणाच्या भोकावर बसतो, तुमचं काम होतं. या बेडकाला नंतर काही मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण ज्याला राबवून घेतलं तोही दुसऱ्याला राबवून घेतो हे जगात चालायचंच. चीनमधल्या येशियानला तर माशाने मदत केली, ती गोष्ट नवव्या शतकात लिहून ठेवलीय, म्हणजे सिंड्रेलाच्याही कितीतरी आधीची. तो मासा सावत्र आईने मारून खाल्ला तरी त्याच्या हाडांकडे मागितलं की कपडे दागिने मिळायचे. मेल्यावरही ड्युटी सुटली नाही बिचाऱ्याची.

मग येते परीक्षा, आणि इथे भल्याभल्या आपटतात. रस्त्यात तुम्हाला कोणीतरी विचित्र भेटणार. भट्टीतला पाव ओरडणार मला बाहेर काढ, मी कधीचा भाजलोय. सफरचंदाचं झाड म्हणणार मला हलव. तुम्ही विहिरीत पडून दुसऱ्याच जगात पोचलेल्या आहात, घाबरलेल्या आहात, पण हे पाव कोणाचे, इथे कामाला माणूस का नाही असले प्रश्न विचारायचे नाहीत. निमूट काढायचा आणि पुढे जायचं. पुढे ग्रिमच्याच गोष्टीतली मोठ्या दातांची होल्लेबाई भेटते, तिच्या गाद्या झटकल्या की खाली जगात बर्फ पडतो. नीट राबलात तर निघताना दारात अंगावर सोनं बरसतं, कामचुकारपणा केला तर डांबर, आणि ते डांबर जन्मभर निघत नाही. सावत्र बहीण नेमकी असले गाद्याबिद्या झटकण्याचे धंदे आपले नाहीत म्हणणारी असते. खरं सांगायचं तर तिचा मुद्दा मला पटतो, पण डांबर तिच्याच अंगावर पडतं, तर माझं ऐकू नका.

त्यातल्या त्यात मोरोझ्कोची परीक्षा फार सोपी आहे, एकाच प्रश्नाची. तुम्ही जंगलात झाडाखाली बसलेल्या, थंडीचा राजा फांद्या कडकडवत खाली उतरतो आणि विचारतो, ऊब आहे ना गं पोरी? तुमचे दात वाजतायत, बोटं निळी पडलीत. बरोबर उत्तर: हो बाबा, छान ऊब आहे. तो थंडी आणखी वाढवतो, परत विचारतो. परत तेच सांगायचं. जीभ वळेनाशी झाली की तो खूश होऊन पांघरुणं आणि पेटारा भरून दागिने देतो. सावत्र आईच्या सख्ख्या लेकीला नंतर हाच प्रश्न विचारला तर ती म्हणाली, हात पाय गोठले माझे, चालता हो! उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि ती तिथेच थिजून मेली. तेव्हा कोणी कशी आहेस विचारलं तर काय सांगायचं हे लक्षात आलं असेलच. घरात याचा सराव रोज करता येतो, त्याला जंगल लागत नाही.

आता एवढी सगळी सहनशक्ती असून राजवाड्यात एन्ट्री मिळेलच असं नाही, त्याला ओळख लागते. हे मी नाही म्हणत, ज्याने सिंड्रेलाचा काचेचा जोडा आणि भोपळ्याची बग्गी लिहिली तो फ्रेंच लेखक पेरो १६९७ मध्ये गोष्टीच्या खाली चक्क लिहून गेलाय की अक्कल, धैर्य, घराणं सगळं असलं तरी पुढे करणारं कोणी पाठीशी नसेल तर उपयोग नाही. लहान मुलांच्या पुस्तकात ही ओळ का गाळतात कळत नाही, सगळ्या गोष्टीत कामाची तेवढीच आहे. तेव्हा गॉडमदर बघून ठेवा. जोड्याचं फार मनावर घेऊ नका, पाय लहान असला की झालं, ग्रिमच्या गोष्टीत ज्यांचा नव्हता त्यांच्या आईने अंगठा नाहीतर टाच कापायला लावली, राणी झाल्यावर पायी चालायला लागतंय कुठे म्हणून. मुलीला सुरी देणारी ही आई मात्र सख्खी होती हं, तिची सख्खी लेक होती ती.

सूड स्वतः घ्यायचा नाही. फार तर ग्रिमच्या सिंड्रेलासारखं लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये शांतपणे उभं राहायचं, कबुतरं येऊन बहिणींचे डोळे फोडतात. वासिलिसाने आणलेल्या कवटीच्या डोळ्यांतून अशी आग निघाली की सावत्र आई आणि बहिणी सकाळपर्यंत कोळसा, येशियानच्या घरच्या दोघी उडत्या दगडांनी गेल्या, आणि मुलीच्या हाताला काही लागलेलं नाही. तुमच्या नावावर फक्त चांगुलपणा राहतो. एक अपवाद आहे, सतराव्या शतकातल्या इटलीतली झेझोल्ला, तिने पेटीत वाकलेल्या सावत्र आईच्या मानेवर झाकण आदळून तिला संपवलंच. आणि गंमत म्हणजे शेवटी तीही राणी झाली! पण हे पोरींना सांगत नाहीत, मीही सांगितलं नाही असं समजा.

राणी झालात, सगळ्या बायका जळून, फुटून, थिजून संपल्या की एक दिवस धंद्यावरून बाप परत येईल. वासिलिसाचा आला होता. लेकीचं भलं झालेलं बघून त्याला फार आनंद झाला आणि तो तिच्याकडेच राजवाड्यात राहायला लागला. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या बापाचं तर विचारूच नका, पोरं खिसे भरून मोती आणि रत्नं घेऊन आली ती त्याच्याच घरी. तर राजवाड्यात एक खोली आधीच झाडून ठेवा, चांगली उजेडाची. तो दमून आलेला असेल, पाणी द्या, आणि विचारलंच, कशी आहेस पोरी, त्रास नाही ना झाला काही, तर मोरोझ्कोला सांगितलं तेच सांगा.