गटकार्य बिनबोभाट कसे उरकावे

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असे पक्के कळेपर्यंत वर्गात गट पाडू नका. निकष 2.3 ला विद्यार्थिकेंद्री पद्धती लागतात आणि त्यांचे पुरावे चार दिवसांत तयार होतात.

गट हजेरीपटावरून करावेत: 1 ते 10, 11 ते 20. चार-चार जणांचे केलेत तर प्रत्येकाला तोंड उघडावे लागेल, शिवाय 120 च्या वर्गात 30 गट तपासत तुमचा रविवार जाईल. दहांत दोघे बोलतात, तिघे माना डोलावतात, बाकीचे मोबाइलमध्ये. दोरी ओढणारे वाढले की दरडोई जोर घटतो, हे फ्रेंच शेती-अभियंता माक्स रिंगेलमान यांनी 1913 सालीच छापले आहे. एवढ्या जुन्या शास्त्राचा मान राखावा. बाके जमिनीला जखडलेली असतील तर उत्तमच. पुढच्यांना मागे वळून बसवा, मान अवघडली की चर्चा आपोआप आटोपते.

विषय मात्र फोडी करता येईल असाच द्या. ‘बँकांचे राष्ट्रीयीकरण’ झकास: एकाला प्रस्तावना, एकाला फायदे, एकाला तोटे, निष्कर्ष गैरहजर असलेल्याला. ‘1969 साली 50 कोटींच्या वर ठेवी असलेल्या 14 बँका घेतल्या, मर्यादा 25 कोटी ठेवायला हवी होती का? गटाने एकच बाजू घ्या, कारणे द्या’ असले काही विचारू नका. मग एकमत होईपर्यंत भांडावे लागते, आणि भांडायचे तर आधी वाचावे लागते. फोडी केल्या की कुणी कुणाचे वाचत नाही. आदल्या रात्री दीड वाजता सुबक अक्षराची एक मुलगी सगळे चिकटवते. तोट्यांच्या स्लाइडवर फायदेच पुन्हा येतात, फॉन्ट तीन असतात. याला सहकार्य म्हणावे.

गुण सरसकट 20 पैकी 16. दहा गुण गटाला आणि दहा ज्याचे त्याला, असा घोळ घालू नका. चिठ्ठी काढून कुणालाही उभे करायचे आणि दुसऱ्याचा भाग समजावून सांगायला लावायचे, हे तर पूर्ण वर्ज्य. एकदा केलेत तर पुढच्या वेळी पोरे एकमेकांना खरोखर शिकवू लागतील. त्या मुलीने तक्रार केली तर तिला ‘लीडरशिप’ हा शब्द ऐकवावा.

फोटो जिओटॅगसह घ्या, एकाचे बोट वहीवर असू द्या. मग सगळ्यांना सरळ बसवून उरलेली वीस मिनिटे नोट्स डिक्टेट करा. सिलॅबस संपायचा आहे.