सोलापूरचे ऊन आणि टिकणारे अन्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर जातो, अशा गावात फ्रिजविना अन्न टिकत होते असे लिहिणे म्हणजे जुन्या काळाचे कौतुक होय, प्रत्यक्षात लोक शिळे खाऊन आजारी पडत, असा आपला आक्षेप आहे. आजारी पडत, हे खरेच आहे. परंतु आपण उन्हाला केवळ शत्रू मानले आहे, ते मला पटत नाही.

अन्न नासते ते नुसत्या उष्णतेने नव्हे. जंतूंना आणि बुरशीला ओलही लागते, आणि आपल्याकडचे कोरडे ऊन नेमकी तीच काढून घेते. कडक भाकरी पाहा. ज्वारीचे पीठ पातळ थापायचे, भाजायचे आणि पाण्याचा अंश उरणार नाही इतके वाळवायचे. मोडताना कट्कन आवाज आला तरच ती डब्यात जाते. मधोमध जराशी लवचीक राहिली, तर बुरशी तिथूनच धरते आणि शेजारच्या भाकरीही वाया जातात. कुरडया, सांडगे, पापड मृगाआधी उरकण्याची घाई होती तीही याचसाठी.

मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या पेवांचे, म्हणजे जमिनीत खोदलेल्या धान्याच्या कोठारांचे, तत्त्व वेगळे. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात धान्याच्या आणि किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि कीड मरते. हीच हवा माणसालाही घातक असल्यामुळे पेव उघडल्यावर ते बराच वेळ तसेच ठेवत आणि आत दिवा सोडून, तो विझत नाही हे पाहूनच खाली उतरत. ही खबरदारी ज्यांनी पाळली, त्यांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दूध टिकत नसे, हे आपले म्हणणे रास्त आहे. ओल्या फडक्याने गुंडाळलेले भांडे कोरड्या हवेत गार होते, पण त्याने दूध फार तर काही तास निभते, आणि पावसाळी दमट हवेत तेवढेही नाही. म्हणून तर दूध दोन्ही वेळा तापवत, उरलेल्याला विरजण लावत, लोणी कढवून तूप करत. दूध दूध म्हणून टिकवण्याचा हट्टच नव्हता.

रात्रीचा उरलेला भात धोक्याचा, याविषयी मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिल्यास त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असे नाही. उरलेला भात लवकर निववून फ्रिजमध्येच ठेवावा.