लिनक्स सांडलं

पावती अजून माझ्या पाकिटात आहे. कार्बनखालून उमटलेली निळी अक्षरं: ‘तक्रार – लॅपटॉप गरम होतो. कारण – लिक्विड.’ खाली माझी सही. म्हणजे गुन्हा मी कबूलही केलाय.

काउंटरवरच्या पोराने विचारलं होतं, “यात काय आहे?” मी म्हणालो, “लिनक्स.” म्हणजे विंडोजऐवजी टाकलेली ऑपरेटिंग सिस्टिम. त्याने मान खाली घालून लिहिलं. मी न वाचता सही केली, कारण एप्रिलअखेरची जळगावातली दुपार, दोनचा सुमार, आणि दुकानातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड काउंटरच्या आतल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी फोन आला: “सर, लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही.” वॉरंटीचे चार महिने बाकी होते.

तणतणत गेलो. काउंटरसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या पहिल्या खुर्चीवर अमळनेरकडचे एक नाना. पांढरी टोपी, मांडीवर रुमालात गुंडाळलेला मोबाइल. मी पोराशी वाद घालायला तोंड उघडतोय तोच नाना पुढे झुकले.

“काय सांडनं भो?”

“काही नाही सांडलं, नाना.”

“दपाडू नको. मना नातूनी बी चहा सांडेल व्हता.”

“अहो, सांडलं नाही. यात लिनक्स आहे.”

नानांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “कितलं?”

याला उत्तर नाही. पंचवीस वर्षं संगणकाशी खेळतोय, पण लिनक्स किती, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प बसलो. ते नानांना कबुलीजबाबासारखं वाटलं असणार.

“दादरनी कोठीमा ठेव दोन दिन. मना मोबाइल विहीरमा पडना व्हता. दादरमा ठेवा. आज बी चालस.”

“मग आज इथे कसे?”

“आवाज तेवढा येत नही.”

मागच्या खुर्चीवरच्या ताईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते दादर ज्वारी नव्हे, तांदूळ. तोही जुना, कोलम. नाना म्हणाले, तांदूळ पाणी धरून ठेवतो, दादर सोडते. ताई म्हणाल्या, मग तुमच्या मोबाइलचा आवाज का गेला? तिसऱ्या एका गृहस्थांनी बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या सुचवल्या. दहा मिनिटं त्या दुकानात धान्याच्या शोषणशक्तीवर जी चर्चा झाली, तिच्यात माझा कोरडा ठणठणीत लॅपटॉप मधोमध पडून होता आणि काय सांडलं याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. (खरंच काही सांडलं तर धान्यात पुरू नका. मशीन लगेच बंद करा, चार्जर काढा, उघडता येत असेल तर बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि उपडं ठेवा. धान्य आतलं पाणी ओढून घेत नाही. आत जातो तो कोंडा, आणि तो थेट पंख्यात बसतो.)

मी पुराव्यावर उतरलो. लॅपटॉप चालू केला, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं आणि थर्मल झोनची टेम्प नावाची, तापमानाची फाइल वाचून दाखवली. पडद्यावर आकडा आला ९७०००. लिनक्स इथे अंशाचे हजारावे भाग मोजतं, म्हणजे ९७ अंश सेल्सिअस. मी हे समजावणार इतक्यात नानांनी चष्मा सावरून आकडा वाचला.

“तोळाना भाव शे का?”

“नाही नाना, तापमान आहे.”

“जुना भाव शे हाऊ. आते वाढी ग्या.”

जळगावात पाच आकडे दिसले की माणसाच्या डोक्यात सोनंच येणार. त्यात नानांचा दोष नाही. दोष त्या पोराचा. त्याने हे सगळं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, “सर, आम्ही विंडोजवरच चेक करतो. विंडोज टाकून आणा, मग बघू.” पावतीतला शब्द मात्र बदलणार नाही, कारण ती एंट्री ‘सिस्टिमला’ गेलीय. लिनक्स त्यांच्या सिस्टिमला चालत नाही, लिक्विड चालतं.

आता मुद्द्याचं. माझ्यासारखे बळी आणखी असतील, तर त्यांनी दुकानात जाण्याआधी एवढं घरी करून पाहावं.

आधी एलएम-सेन्सर्स हे तापमान दाखवणारं पॅकेज टाका आणि सेन्सर्स-डिटेक्ट चालवा. ते प्रश्न विचारत सुटतं, प्रत्येकाला त्यानेच सुचवलेलं उत्तर द्या. मग नुसतं ‘सेन्सर्स’ म्हटलं की प्रोसेसरचं एकूण तापमान आणि प्रत्येक गाभ्याचं (कोअरचं) वेगळं तापमान दिसतं. नशीब असेल तर पंख्याचे फेरेही दिसतात. माझ्याकडे पंख्याची ओळच नव्हती. पंखा नाही असा त्याचा अर्थ नव्हे, तो लिनक्सशी बोलत नाही एवढाच.

मग स्ट्रेस-एनजी या प्रोग्रामने सगळ्या गाभ्यांवर पाच मिनिटं भार टाका आणि बाजूच्या खिडकीत तापमान बघत बसा. अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचला की चिप स्वतःचा वेग कापते. कर्नलच्या (लिनक्सच्या मूळ भागाच्या) नोंदींत, म्हणजे डीमेसेजमध्ये, तापमान मर्यादेच्या वर गेल्याने क्लॉक थ्रॉटल केल्याची ओळ दिसली तर समजा, लॅपटॉप मंद झाला नाही, तो जीव वाचवतोय. त्याआधी टॉप हा प्रोग्राम लावून प्रोसेसर कोण खातंय तेही पाहा. ब्राउझरमधला व्हिडिओ ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर उलगडत असेल, तर बिचाऱ्या पंख्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

इथवर आलं की सगळे पंख्यावर तुटून पडतात. मीही पडलो. पंख्याचा वेग आखून देणारं पीडब्ल्यूएम-कॉन्फिग चालवलं, त्याने सांगितलं की पंख्याचा वेग बदलू देणारं मॉड्यूलच (ड्रायव्हरच) मशीनमध्ये नाही. डेस्कटॉपवर ही पद्धत छान चालते. लॅपटॉपमध्ये पंखा असतो एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या छोट्या चिपच्या ताब्यात. कुठल्या तापमानाला किती फिरायचं याचा तक्ता कंपनीने तिच्यातच कोरलेला असतो, आणि तो बहुतेक कंपन्या कुणाला दाखवत नाहीत. थिंकपॅड या लेनोवोच्या लॅपटॉपवाल्यांची चैन. त्यांच्या मॉड्यूलला फॅन-कंट्रोल बरोबर १ असा पर्याय दिला की पंख्याला ० ते ७ पायऱ्या मिळतात, आणि थिंकफॅन हा प्रोग्राम त्या तापमानाप्रमाणे बदलत राहतो. डेलवर आय-एट-के-युटिल्स आहे. बाकीच्यांसाठी एनबीएफसी (नोटबुक फॅन कंट्रोल), पण त्यात आपल्याच मॉडेलची फाइल निवडा. ‘जवळपास तसंच दिसतं’ म्हणून दुसऱ्याची लावली, तर आकडे कंट्रोलरच्या भलत्याच खणात लिहिले जातात आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे फॅनकंट्रोल (पीडब्ल्यूएम-कॉन्फिगने आखलेला वेग राबवणारी सेवा) चालतं, त्यांनाही दोन ठिकाणी ठेच लागते. एक, रीबूटनंतर सेन्सरचे क्रमांक बदलतात. कालचा एचडब्ल्यूमॉन-२ आज ३ होतो, सेवा सुरूच होत नाही, आणि आपण मात्र निश्चिंत. दोन, हाताने वेग बांधून दिला आणि प्रोग्राम मेला, तर पंखा शेवटच्या वेगावर अडकून बसतो. थिंकपॅडच्या मॉड्यूलमध्ये यासाठी राखणदार टायमर आहे, जास्तीत जास्त १२० सेकंदांचा. इतरांनी आपलं आपण पाहावं.

तीन रात्री या धंद्यात घालवल्यावर मला एक साधी वजाबाकी सुचली. पंखा म्हणजे एसी नव्हे. तो खोलीतलीच हवा आत फुंकतो. पूर्ण भारावर माझी चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर जाते असं धरा. खोली २५ वर असेल तर चिप ७०. खोली ४४ वर असेल, आणि आमच्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पत्र्याखालची खोली असतेच, तर तीच चिप ८९ वर. बिघाड काहीही नसताना. कित्येक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत. पस्तीस! आमच्याकडे मार्चमध्ये लोक ३५ ला ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात. म्हणजे जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या माणसाने मार्च ते जून लॅपटॉप गुंडाळून माळ्यावर ठेवावा, अशी कंपनीची अपेक्षा. किंमत मात्र बारा महिन्यांची घेतात. उन्हाळ्यात चार महिन्यांचे पैसे परत करा म्हटलं तर तेही ‘सिस्टिमला’ नसणार.

असो. वॉरंटी बुडालीच होती, तेव्हा उघडायला कुणाची भीती उरली नव्हती. पोराचे एवढे उपकार.

सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. स्क्रू जिथून निघाले त्याच जागी कागदावर मांडले, कारण लांब स्क्रू आखूड भोकात बसवला की तो कीबोर्डला किंवा बोर्डला वर ढोसतो. पंखा उचलला आणि त्याच्या नि तांब्याच्या जाळीच्या मधोमध जे सापडलं त्याला धूळ म्हणवत नाही. ती करड्या लोकरीची घोंगडी होती, अखंड, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाली. बाहेरून टॉर्च मारून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण कचरा अडतो तो आतल्या बाजूला. म्हणूनच बाहेरून ब्लोअर मारणं हा निव्वळ गाढवपणा. घोंगडी सुटून पात्यांवर जाते. फुंकायचंच असेल तर पात्यांमध्ये टूथपिक अडकवून धरा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खातो.

चिपची उष्णता तांब्याला पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आणि तांबं दोन्ही पुसलं, तांदळाच्या एका दाण्याएवढी नवी पेस्ट चिपवर पातळ पसरली. (तांदूळ लॅपटॉपच्या कामी येतो तो एवढाच, मापापुरता.) बाजूच्या चिप्सवरचे रबरी पॅड फाटू दिले नाहीत, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. हीटसिंकच्या (उष्णता ओढणाऱ्या तांब्याच्या) स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात, त्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा देत आवळले. एकच बाजू आधी करकचून आवळली की दुसरी बाजू अधांतरी राहते आणि केलेलं सगळं पाण्यात.

शेवटी टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद केला. इंटेलमध्ये नो-टर्बो नावाच्या फाइलीत १ लिहायचा, एएमडीमध्ये बूस्टच्या फाइलीत ०. उलटसुलट कशाला, ते करणाऱ्यांनाच विचारा. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कायमचं लिहून ठेवलं. परवा दुपारी खोलीत ४३ असताना, पूर्ण भारावर, ७९. पंखा अजूनही लिनक्सशी बोलत नाही. न बोलता फिरतो.

काल बाजारात नाना भेटले. मोबाइल कानाला लावलेला, म्हणजे आवाज आला असावा. मला पाहून त्यांनी बोलणं मध्येच तोडलं.

“काय भो, सुकनं का?”

मी थांबलो. एम्बेडेड कंट्रोलर, जाळी, घोंगडी, टर्बो सगळं ओठांवर आलं होतं. ऊन डोक्यावर होतं.

“सुकलं, नाना.”

“दादरमा ना?”

“दादरमध्येच.”

नानांनी मोबाइल परत कानाला लावला. “आयक,” ते पलीकडच्याला म्हणाले, “तांदूळमा ठेवू नको.”