सुलट्यावर सुलटं

शिवणकामात 'नवशिक्यांसाठी' हा शब्द कोण वाटतं, ते मला एकदा शोधून काढायचं आहे. उशीचा अभ्रा नवशिक्यांसाठी, मान्य. रुमालाच्या कडा दुमडून टीप मारणं, तेही मान्य. पण अस्तर लावलेली, चेनची, तळाला नीट बैठक असलेली छोटी पर्स? तिचे व्हिडिओ मात्र झाडून सगळे 'अगदी सोपी', 'अर्ध्या तासात' आणि 'उरलेल्या कापडातून'. यातलं उरलेलं कापड हे तर फारच लबाड प्रकरण. कापड उरायला आधी काहीतरी शिवलेलं असावं लागतं. माझ्या नावावर तोवर शर्टाचं एक बटण होतं. त्यामुळे मी उरलेलं कापड नवीन विकत आणलं.

पर्स भाचीला हवी होती. विकत घेऊन देता आली असती, आणि हा पर्याय आई जेवताना, टीव्ही बघताना, फोनवर ताईशी बोलताना मला ऐकू येईल इतक्या आवाजात मांडत होती. पण मशीन आईचंच. मशीनवर बसलेल्या माणसाच्या मागे उभं राहून "मी काही बोलत नाही" असं म्हणायचा हक्कही तिचाच.

कापायचं काम बिनबोभाट झालं. बाहेरच्या कापडाचे दोन तुकडे, अस्तराचे दोन, प्रत्येकी नऊ इंच रुंद आणि सात इंच उंच. बाहेरच्या कापडाला ताठपणा यावा म्हणून मागून इस्त्रीने चिकटवायचं फ्युजिंग. त्याची डिंकाची, हाताला खरखरीत लागणारी बाजू कापडाकडे ठेवायची, इस्त्रीकडे नाही, एवढं कळलं की झालं. चेन तीन नंबरची, म्हणजे बंद केल्यावर दातांची पट्टी साधारण तीन मिलिमीटर रुंद. आणि चेन पर्सपेक्षा दोन-तीन इंच लांब घ्यावी, हा व्हिडिओतल्या ताईंचा सल्ला मात्र खरोखर सोन्यासारखा. जास्तीची चेन शेवटी कापून टाकता येते. कमी पडलेली चेन वाढवता येत नाही.

मग सुरू झालं सुलटं-उलटं.

पहिला तुकडा, सुलटी बाजू वर. त्यावर चेन उपडी, म्हणजे रनरचं, चेन उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या त्या सरकत्या तुकड्याचं, नाक खाली. त्यावर अस्तर, सुलटी बाजू खाली. तिन्हींच्या कडा एका रेषेत. हे त्या ताईंनी एका श्वासात सांगितलं आणि दुसऱ्या श्वासात त्यांची एक कड शिवून तयार होती. मी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. बाईंचे हात दिसतात, कापड दिसतं, पण नेमक्या ज्या क्षणी कापड उलटं होतं त्या क्षणी कॅमेरा बाईंच्या प्रसन्न चेहऱ्यावर असतो.

त्यात मी निवडलेलं कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं निघालं. खडूने उलट्या बाजूंवर फुल्या मारल्या. हाताळता हाताळता निम्म्या फुल्या पुसल्या गेल्या आणि उरलेल्या सुलट्या बाजूंवरही उमटल्या. आई म्हणाली, "अरे, दोन्हीकडून सारखंच आहे ना, मग काय फरक पडतो?" हा प्रश्न इतका बिनतोड होता की मी बराच वेळ रागावून बसलो.

खरी अडचण कापडाची नाहीच. शिवणारा माणूस पूर्ण वेळ जे बघत असतो ते पुढे कुणालाच दिसणार नसतं, आणि जे सगळ्यांना दिसणार असतं ते शिवून होईपर्यंत त्याला स्वतःला दिसत नाही. सगळा कारभार आंधळा. उजवीकडे शिवलेलं पलटल्यावर डावीकडे येतं, वर ठेवलेलं आत जातं, आणि मधे दडपलेली चेन अचानक छपरावर प्रकट होते. हात शिवतात, पण घाम मेंदूला फुटतो.

"धावदोरा घाल आधी," आई म्हणाली. धावदोरा म्हणजे हाताने घातलेले लांब लांब कच्चे टाके. चेन जागेवरून हलू नये म्हणून ते घालायचे आणि पक्की टीप पडली की ओढून काढून टाकायचे. काढून टाकण्यासाठीच करायचं काम माणूस किती मनापासून करणार? पण टाचण्यांवर चेन सापासारखी वळवळते, म्हणून घातला.

चेन शिवायला मशीनचा नेहमीचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, चालत नाही. तो दातांवर चढतो आणि टीप चेनपासून लांब पळते. त्यासाठी एकाच बाजूला पाऊल असलेला झिपर फूट मिळतो. तो लावला की सुई दातांना अगदी खेटून चालते. अडचण येते ती रनरपाशी. टीप छान सरळ चाललेली असते आणि मधेच रनर, एवढासा धातूचा तुकडा, आडवा बसलेला असतो. तिथे थांबायचं. हाताने चाक फिरवून सुई कापडात रुतवायची. फूट उचलायचा. सुईच्या बगलेतून रनर मागे सारायचा. फूट खाली टाकायचा आणि जणू काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने पुढे निघायचं.

"सुई खालीच ठेव हं," मागून आवाज. "सुई वर घेतलीस की कापड सरकलं. मी काही बोलत नाही."

जगातल्या प्रत्येक घरगुती पर्सच्या टिपेला रनरच्या जागी एक छोटंसं वळण असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. ते नसेल तर पर्स कारखान्यातली समजावी.

मशीन आणि चेन यांचं हे भांडण कुठून सुरू झालं म्हणून शोधायला गेलो, तर दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एकच निघाला. एलायस हौ. या अमेरिकन गृहस्थाने १८४६ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. सुईचं नेढं मागे न ठेवता टोकाशी, आणि खालून दुसरा दोरा येऊन टाका बांधणार. पुढे १८५१ मध्ये याच माणसाने कपडे सलग बंद करणाऱ्या एका साधनाचं, म्हणजे चेनच्या पणजोबाचं, पेटंट घेतलं. मात्र त्याच्या मागे तो फारसा लागला नाही. इतिहासकार याची काहीही कारणं देवोत. माझा संशय असा की त्याने एका संध्याकाळी पहिला शोध वापरून दुसरा शोध कापडाला शिवून बघितला असावा. त्यानंतर १८९३ मध्ये व्हिटकम्ब जडसन याने बुटांसाठी हुकांची चेन काढली. ती चालता चालता उघडायची. आजच्यासारखी दातात दात अडकवणारी चेन गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरने बसवली, तिचं पेटंट १९१७ चं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं भली भली डोकी नुसती चेन बंद कशी राहील यावर झिजली, आणि ती पर्सला लावायला मला अर्धा तास.

दोन्ही कडांना चेन लागली. आता शेवटची मोठी फेरी. बाहेरचे दोन तुकडे सुलट्यावर सुलटं, अस्तराचे दोन तुकडे सुलट्यावर सुलटं, मधे चेन, आणि सगळीकडून टीप. फक्त अस्तराच्या तळाला चार बोटं जागा उघडी ठेवायची, कारण सगळी पर्स त्याच भोकातून उलटवून बाहेर काढायची असते. आणि इथे प्रत्येक व्हिडिओ, प्रत्येक पुस्तक, प्रत्येक शेजारीण एकच धोक्याची सूचना देते: चेन आधी अर्धी उघडून ठेवा. बंद ठेवलीत तर आत अडकलेली पर्स आतूनच उघडावी लागेल, आणि रनरचं नाक तेव्हा नेमकं पलीकडे असतं.

मी चेन उघडी ठेवली. टीप मारण्याआधी पुन्हा बघितली. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आत बोट घालून बघितली. मधेच चहा आला, तेव्हा कप ठेवण्याआधी बघितली. ही चूक मी केलेली नाही, हे मी आईला सांगितलं, भाचीला सांगितलं, ताईलाही फोन करून कळवलं. पण न केलेल्या चुकीचं कौतुक करायची पद्धत आमच्या कुटुंबात नाही.

तळाची बैठक म्हणजे सरळ सरळ भूमिती. कापडाच्या कडेपासून मोजून खालच्या दोन्ही कोपऱ्यांचे एकेक इंचाचे चौकोन कापायचे, तोंडं उघडून बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर आणायची आणि आडवी टीप मारायची. तळ दोन इंच रुंद होतो. बाहेरचे दोन कोपरे, अस्तराचे दोन. हे दोन इंच कुठून येतात, ते मात्र कुणी बोलत नाही. नऊ इंचांतून कडेच्या शिलाईत अर्धा-अर्धा इंच गेला, बैठकीत एकेक इंच गेला, तळाशी राहिले सहा. उंचीचे सातातले पाच. भाचीचा फोन त्यात उभा राहीना. "तिरका ठेव," मी म्हणालो. "पर्समध्ये वस्तू तिरक्याच ठेवतात."

मग उलटवणं. चार बोटांच्या भोकातून आधी बाहेरच्या कापडाचा एक कोपरा चिमटीत आला, मग दुसरा, मग ओला मोजा पायातून ओढावा तशी सगळी पर्स कुरकुरत, फ्युजिंग चुरगाळत बाहेर आली. अर्ध्या उघड्या चेनमधून हात घालून पेन्सिलीच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर ढकलले. आणि मला पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं. रनर डावीकडे होता. मी तो उजवीकडे धरून चाललो होतो. आईने चष्मा लावला, पर्स फिरवून फिरवून बघितली, रनरपाशी टीप वाकली होती तिथे अंगठा थांबवला, आणि खरोखरच काही बोलली नाही.

आता अस्तरातलं भोक हाताने टाके घालून मिटवायचं तेवढं बाकी होतं. मी सुईत दोरा ओवायला चष्मा शोधत होतो, तोवर भाची पर्स घेऊन पसार. थोड्या वेळाने ती परत आली. पर्समध्ये टाकलेलं नाणं आत नव्हतं, बाहेर पडलेलं नव्हतं, आणि पर्स हलवली की वाजत होतं. तिने अस्तराच्या तळाशी बोट घातलं, मग आख्खी मूठ, आणि तिचे डोळे चमकले.

"मामा, याला चोरकप्पा पण आहे!"

"आहे ना," मी सुई खिशात टाकत म्हणालो. "तो नवशिक्यांना जमत नाही."