मोलिझेत राहायला गेलं की पैसे मिळतात?
‘इटलीतल्या मोलिझेत नुसतं राहायला गेलं की महिन्याला ७०० युरो मिळतात’ हा फिरणारा मेसेज अर्धवट आहे. ती योजना २०१९ची. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात राहून तिथे व्यवसाय सुरू करायची अट होती, मुदत तीन वर्षं. शिवाय भारतीयांना व्हिसा लागतोच. या मेसेजच्या भरवशावर कुणा एजंटला पैसे देऊ नका.

मोलिझे पाहायला मात्र जरूर जा. १९६३ साली शेजारच्या आब्रुत्सो प्रांतापासून वेगळा झालेला हा डोंगराळ प्रदेश. हिवाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन शेजारच्या पुल्या प्रांताच्या सपाटीवर उतरायचे; त्यांच्या गवताळ वाटा काही ठिकाणी १११ मीटर रुंद! आन्योने गावात शतकानुशतकं घंटा ओतल्या जातात, आणि जोडीनं टांगून मुरवलेलं काचोकाव्हाल्लो चीज खावं तर तिथलंच.