दोष आईच्या माथी नको
आपोआप होणाऱ्या गर्भपाताला इंग्रजीत 'मिसकॅरेज' म्हणतात. या शब्दावरच्या तुमच्या लेखात त्याचा जुना अर्थ 'फसलेला बेत, अपयश' असा दिलाय, तो बरोबर आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात अँटोनिओची जहाजं बुडाल्याची बातमी येते, तीही 'मिसकॅरी' झाली अशाच शब्दांत. पत्र गहाळ झालं तरी हेच क्रियापद. पण लेखात डॉक्टरांच्या भाषेबद्दलही लिहायला हवं होतं. ब्रिटनमध्ये आपोआप झालेल्या गर्भपातालाही डॉक्टर 'अबॉर्शन'च म्हणत, आणि सर्वसामान्यांच्या लेखी त्याचा अर्थ मुद्दाम केलेला गर्भपात. हव्याहव्याशा बाळाला मुकलेल्या बाईच्या केसपेपरवर तो शब्द! १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून काही डॉक्टरांनीच त्याऐवजी 'मिसकॅरेज' वापरा असं सुचवलं. फार चांगलं केलं. तरी 'मिस' (म्हणजे 'चुकीचं') या उपसर्गातून बाईचंच काही चुकलं असं सूचित होतं, ते मला अजूनही खटकतं.